गुळवेल, पांढरे उंदीर आणि माझा एक जुना एपिसोड

लोकलमध्ये रेंज जाते, हेडफोन घरी राहतात, म्हणून नेहमीसारखा हा भागही लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो तिथे थोडं सरळ केलंय, बाकी जसं बोललो तसंच.

आज सुरुवातीलाच एक कबुली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण एक भाग केला होता, घरगुती वनस्पतींवर. त्यात गुळवेलीबद्दल बोलताना मी एक वाक्य टाकलं होतं: "आणि मंडळी, हे काही आजीबाईचा बटवा म्हणून नाही सांगत, गुळवेल लिव्हरचं रक्षण करते हे संशोधनाने सिद्ध झालंय." तो भाग बऱ्यापैकी फिरला. फॅमिली ग्रुपवर तर मीच टाकला. सांगलीच्या आत्याने तो ऐकला, शेजारच्या वाड्यातल्या कडुनिंबावरची वेल काढून आणली आणि रोज सकाळी उपाशीपोटी काढा प्यायला लागली. भाचा रेडिओवर सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार! (पॉडकास्टला ती अजूनही रेडिओच म्हणते.)

दसऱ्याच्या आठवड्यात आत्याचे डोळे पिवळे झाले.

त्या गोष्टीकडे परत येऊ. आधी मला माझ्याच त्या वाक्याचा हिशोब द्यायचाय. "संशोधनाने सिद्ध झालंय" म्हणजे नेमकं काय झालंय? कोणी, कुठे, कोणावर, काय करून बघितलं? हे शोधायला बसलो आणि शंभर वर्षं मागे गेलो.

सुरुवात पुण्यातल्या एका खोलीपासून करतो. मी कॉट बेसिसवर राहायचो तेव्हा माझा रूममेट एम.फार्म करत होता. रात्री उशिरा यायचा, अंगाला एक विचित्र वास, आणि बोटं पिवळी. मला वाटायचं भेळ खाऊन येतो. नंतर कळलं, ते पिक्रिक ॲसिड. पांढऱ्या उंदरांना ओळखायला खूण करतात त्याने. एकाच्या डोक्यावर पिवळा ठिपका, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर. सगळे पांढरेच, मग कोण कुठला हे कळणार कसं?

त्याचा प्रयोग असा होता. पाच गट, प्रत्येकात सहा उंदीर. पहिल्या गटाला काहीच करायचं नाही. दुसऱ्याला फक्त विष. तिसऱ्याला विष आणि सोबत सिलिमरिन नावाचं ठरलेलं औषध. चौथ्याला विष आणि वनस्पतीचा अर्क, कमी मात्रेत. पाचव्याला तेच, जास्त मात्रेत. अर्क सुईसारख्या नळीने थेट पोटात. विष म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, तेलात मिसळून इंजेक्शनने. दुसऱ्या दिवशी उंदराला बेशुद्ध करून डोळ्याच्या कोपऱ्यातून रक्त घ्यायचं, मग यकृत काढून वजन करायचं, पातळ काप करून रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे. "मारले" असं थिसिसमध्ये लिहीत नाहीत, "सॅक्रिफाइस केले" असं लिहितात, हेही त्यानेच सांगितलं. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

आपल्या देशातल्या फार्मसी कॉलेजांमध्ये या साच्यातले प्रयोग गेली कित्येक वर्षं चालू आहेत. वनस्पती बदलते, साचा तोच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी देखरेख समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, कॉलेजच्या नैतिक समितीची परवानगी लागते, आणि तीस उंदरांचा हिशोब द्यावा लागतो. हे नियम नव्हते तेव्हा काय चालायचं, तो एक वेगळा एपिसोड होईल.

पण हे कार्बन टेट कुठून आलं? इतकी विषं असताना हेच का?

तर मंडळी, हे एकेकाळी औषध होतं! शंभर वर्षांपूर्वी कार्बन टेट कपडे ड्रायक्लीन करायला वापरायचे, आग विझवायला काचेच्या गोळ्यांत भरून ठेवायचे. १९२१ मध्ये मॉरिस हॉल नावाच्या अमेरिकन कृषी खात्यातल्या पशुवैद्यकतज्ज्ञाने ते कुत्र्यांना पाजून बघितलं आणि पोटातले हुकवर्म झटक्यात पडले. मग गड्याने ते स्वतः पिऊन बघितलं. काही झालं नाही. झालं, पुढच्या काही वर्षांत जगभर हुकवर्मवर कार्बन टेट सुरू. फिजी बेटांवर रॉकफेलर फाउंडेशनच्या एस. एम. लॅम्बर्ट या डॉक्टरने ते हजारो लोकांना दिलं. फिजी म्हणजे आपले गिरमिटिये, उसाच्या मळ्यांवर नेलेले भारतीय मजूर. बहुतेकांना काही झालं नाही, जंत पडले, अंगात ताकद आली. पण अधूनमधून एखादा माणूस दोन-तीन दिवसांत पिवळा पडून मरायचा. दारू पिणाऱ्यांमध्ये हा धोका जास्त दिसला.

ही दारूची गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळी किल्ली तिच्यात आहे.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ट्रेव्हर स्लेटर आणि अमेरिकेत रिचर्ड रेक्नागल या संशोधकांनी हे कोडं बरंचसं उलगडलं. कार्बन टेट स्वतः फारसं काही करत नाही. यकृतात एक एन्झाइम असतं, परकी रसायनं मोडून बाहेर टाकणारं. ते कार्बन टेटला मोडायला जातं आणि त्यातून एक अतिशय आक्रमक तुकडा तयार होतो, फ्री रॅडिकल म्हणतात तो. हा तुकडा पेशीच्या आवरणातल्या चरबीवर तुटून पडतो आणि एकातून दुसरं अशी साखळी लागते. म्हणजे विष बाहेरून येत नाही, यकृत स्वतःच ते बनवतं. आणि दारूमुळे नेमकं तेच एन्झाइम वाढतं. फिजीतल्या दारुड्या माणसाचं यकृत हे विष जास्त जोमाने बनवत होतं!

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट हाताशी आली होती. १९५५ च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये कार्मेन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी दाखवलं की पेशी फुटली की तिच्यातली एन्झाइम्स रक्तात सांडतात आणि ती मोजता येतात. तुमच्या लॅब रिपोर्टवरचं एसजीओटी, एसजीपीटी ते हेच. आता यकृत कापून न बघताही ते किती फुटलंय याचा आकडा मिळायला लागला.

स्वस्त विष, ठरावीक जखम, सोपा आकडा. संशोधकाला आणखी काय पाहिजे? कुठल्याही झाडाचा पाला आणा, अर्क काढा, उंदराला पाजा, आकडा कमी आला की पेपर तयार.

हे मी थोडं खवचटपणे बोलतोय, कबूल. कारण या पद्धतीतून खरोखरची मोठी गोष्टही निघाली आहे. वर सिलिमरिन म्हटलं ना, रूममेटच्या तिसऱ्या गटातलं, ते युरोपातल्या एका काटेरी, जांभळ्या फुलाच्या झाडाच्या बियांमधून येतं. मिल्क थिसल म्हणतात त्याला. पित्तावर त्याचा उपयोग प्लिनी या रोमन लेखकानेही लिहून ठेवलाय, म्हणजे तिकडचा आजीबाईचा बटवाच. १९६८ च्या सुमारास जर्मनीत त्यातले घटक वेगळे केले गेले, आणि मग तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याला एका भयानक विषासमोर उभं केलं. डेथ कॅप नावाची अळंबी. दिसायला साधी, चवीला म्हणे चांगली, आणि खाल्ल्यावर काही दिवसांत यकृत संपतं.

१९८४ मध्ये छापलेला तो प्रयोग बीगल जातीच्या कुत्र्यांवरचा आहे. सगळ्यांना अळंबीचं विष दिलं. बारा कुत्र्यांना उपचार नाही, त्यातले चार मेले. अकरा कुत्र्यांना विष दिल्यानंतर पाच तासांनी आणि चोवीस तासांनी सिलिमरिनमधला मुख्य घटक, सिलिबिनिन, टोचला. एकही मेला नाही.

इथे जरा थांबू. "विष दिल्यानंतर पाच तासांनी." हे फार महत्त्वाचं आहे. रूममेटचा अर्क विषाच्या आधी सात दिवस चालू होता. वनस्पतींवरचे पुष्कळ प्रयोग असेच असतात, आधी अर्क, मग विष. आता मला सांगा, कोण माणूस पुढच्या आठवड्यात विष पिणार म्हणून या आठवड्यापासून काढा घेतो?

यात आणखी एक चकवा आहे. कार्बन टेट विष बनतं ते यकृतातल्या एन्झाइममुळे. समजा एखाद्या पाल्याने ते एन्झाइमच मंद केलं. मग विष बनणारच नाही, यकृत छान दिसेल, एसजीपीटी कमी येईल, आणि पेपरमध्ये छापून येईल की या पाल्याने यकृताचं रक्षण केलं. केलं, पण फक्त त्या एका विषापासून आणि फक्त त्या एका कारणाने. हिपॅटायटिसचा विषाणू, चरबी, दारू, दुसऱ्या गोळ्या, यांच्याशी त्याचा काही संबंध असेलच असं नाही. उलट तेच एन्झाइम मंद झाल्यामुळे दुसरं एखादं औषध अंगात साचूही शकतं.

सिलिबिनिनचं कुत्र्यांमधलं यश माणसात उतरलं, कारण कुत्र्याच्या आणि माणसाच्या यकृतात ते विष साधारण एकाच तऱ्हेने शिरतं आणि सिलिबिनिन ते दारच अडवतं. जानेवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सांताक्रूझला एकाच कुटुंबातल्या सहा जणांनी रानातली अळंबी खाल्ली. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेत मंजुरी नसलेलं हे इंजेक्शन खास परवानगी काढून जर्मनीहून विमानाने मागवलं. सहापैकी पाच जण वाचले.

आणि तेच सिलिमरिन, गोळीच्या रूपात, मोठ्या मात्रेत, हिपॅटायटिस सी झालेल्या १५४ रुग्णांवर तपासलं, तेव्हा साध्या खोट्या गोळीपेक्षा काडीचाही जास्त उपयोग दिसला नाही. २०१२ चा अभ्यास आहे. झाड तेच, यकृत तेच, रोग वेगळा. म्हणून "लिव्हरचं रक्षण करते" हे वाक्य अर्धवट आहे. कशापासून, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता येऊ आपल्या गुळवेलीकडे. आणि इथे मला मुंबईतल्या एका बाईंबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या जुन्या एपिसोडमध्ये त्यांचं नावही नव्हतं.

डॉ. शरदिनी डहाणूकर. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये औषधशास्त्राच्या प्राध्यापक. मराठीत झाडाफुलांवर सुंदर लिहायच्या, तुमच्या आईने कदाचित वाचलं असेल. ॲलोपथीच्या कॉलेजात बसून आयुर्वेदातल्या औषधांना त्यांनी सरळ आजच्या प्रयोगांसमोर आणलं. डोळे मिटून जय म्हणायचं नाही आणि नाक मुरडायचंही नाही. डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे अशी मंडळी त्यांच्यासोबत होती.

त्यांच्यासमोरचा प्रश्न पुस्तकी नव्हता. केईएमच्या सर्जरी विभागात डॉ. बापट यांच्याकडे अडलेल्या काविळीचे रुग्ण यायचे. म्हणजे पित्ताची नळी गाठीने बंद झालेली, पित्त तुंबलेलं. ऑपरेशन नीट व्हायचं आणि नंतर जंतुसंसर्गाने माणूस जायचा. कारण तुंबलेल्या पित्तामुळे शरीराची लढायची ताकद खचलेली असायची. आता हातात असलेलं अँटिबायोटिक जंतू मारेल, पण झोपलेल्या सैन्याला उठवणार कोण?

त्यांनी उंदरांमध्ये पित्तनलिका बांधून तीच अवस्था तयार केली. बघा, इथे कार्बन टेट नाही. रुग्णाला जे झालंय तेच उंदरात उभं केलं. अशा उंदरांच्या जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावल्या होत्या, आणि गुळवेलीच्या अर्काने त्या पुन्हा कामाला लागल्या. हे १९८९ मध्ये छापून आलं. मग त्या माणसांकडे वळल्या. ३० रुग्ण, सगळे कर्करोगामुळे नळी अडलेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना नेहमीचे उपचार अधिक गुळवेल. पित्तात जंतू दोन्हीकडे सापडले, जवळजवळ सारखेच. पण रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणं पहिल्या गटात निम्म्या जणांना, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. ऑपरेशननंतर जगलेले: पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात सुमारे ९२ टक्के. हे १९९३ चं.

मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या. ३० रुग्ण म्हणजे फार नव्हेत, मोठा अभ्यास हवाच होता. तरीही सरकारी रुग्णालयातल्या गरीब माणसांसाठी कोणीतरी इतका नेमका प्रश्न विचारला आणि उंदरापासून खाटेपर्यंत नेला, याचा अभिमान वाटला. पुढे २००२ मध्ये कोलकात्याहून कार्बन टेट आणि गुळवेलीचा उंदरांवरचा अभ्यास आला, त्यातही एन्झाइम्स उतरली. माझं "संशोधनाने सिद्ध झालंय" हे वाक्य साधारण इथून उचललेलं होतं. वाक्य माझं, वाचन दुसऱ्याच्या ब्लॉगवरचं.

पण केईएमच्या कामाचा गाभा काय होता? गुळवेल प्रतिकारशक्ती जागी करते. ज्याचं सैन्य झोपलंय त्याला ती उपयोगी पडली. आता प्रश्न असा की ज्याचं सैन्य जागंच आहे, किंवा ज्याचं सैन्य आधीच थोडं तापट आहे, त्याचं काय?

२०२० मध्ये हा प्रयोग नकळत अख्ख्या देशाने केला. कोरोना, भीती, आणि जिकडेतिकडे "इम्युनिटी". आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२० च्या मार्गदर्शिकेत गुळवेलीची घनवटी होती. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या शेजारी गुळवेलीच्या कांड्या आल्या होत्या, आठवतंय? आणि माझ्यासारखे माइकसमोर बसलेले होतेच.

२०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा अहवाल छापला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये आलेले, यकृताला सूज, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. बायोप्सीत जे दिसलं ते ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराचं सैन्य स्वतःच्याच यकृतावर चाल करून गेलेलं.

आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये जोरदार उत्तर दिलं. रुग्णांनी नेमकी कुठली वनस्पती खाल्ली ते तपासलेलं नाही, गुळवेलीसारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरी वेल असते, तिने यकृताला इजा होते, आणि निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे, असा त्यांचा मुद्दा. वनस्पतीची ओळख पटवण्याचा मुद्दा चुकीचा नव्हता. बाजारातली कांडी बघून तुम्हाआम्हाला काय कळणार आहे? पण पुढच्या वर्षी देशभरातल्या अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद छापून आली, आणि चित्र तसंच होतं, ऑटोइम्यून वळणाचं. सगळ्यांनी चुकीची वेल खाल्ली असेल, हे मला पटायला जड जातं.

मग इतक्या वर्षांत उंदरांमध्ये हे दिसलं कसं नाही? दिसणारच नव्हतं. लॅबमधले उंदीर एकाच घराण्यातले, तरुण, निरोगी, एकाच पिंजऱ्यात वाढलेले. ही अशी इजा फार थोड्या माणसांना होते, आणि कोणाला होणार ते त्यांच्या अनुवंशावर, वयावर, आधीपासून दबून असलेल्या आजारावर ठरतं. सहा-सहाच्या पाच गटांत ती सापडायची शक्यता जवळजवळ शून्य. आणि त्या प्रयोगात आपण विचारतच काय होतो? विषापासून ही वेल वाचवते का. ही वेल कोणाला इजा करते का, हा प्रश्न वेगळा, त्याला प्रयोगही वेगळा लागतो.

आता आत्या. डॉक्टरांनी विचारलं, "काकू, कुठली औषधं चालू आहेत?" आत्या म्हणाली, "बीपीची एक गोळी, बाकी काही नाही." तीनदा विचारलं, तीनदा तेच. खोटं बोलत नव्हती ती, काढा तिच्या लेखी औषधच नव्हता. शेवटी माझा आतेभाऊ म्हणाला, "आई, अगं तो गुळवेलीचा काढा?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, खात्रीने नाही सांगता येणार, पण बाकीच्या तपासण्यांत दुसरं कारण सापडत नाहीये, आजपासून बंद. एसजीपीटी हजाराच्या वर होतं. नऊ आठवड्यांनी ते जागेवर आलं.

तुमच्याही घरात कोणी रोज असं काही घेत असेल तर डॉक्टरांच्या "कुठली औषधं" या प्रश्नाच्या उत्तरात ते सांगा, एवढंच.

दिवाळीनंतर मी सांगलीला गेलो. तोंड कसं दाखवायचं कळत नव्हतं. "आत्या, ते मी सांगितलेलं..." एवढं म्हणालो तर ती म्हणाली, "अरे, तू कुठे वाईट सांगितलंस? पुस्तकात असेल तेच सांगितलंस ना?" तेच तर नव्हतं, पुस्तकात होतं ते मी नीट वाचलंच नव्हतं. हे तिला सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग त्या उंदरांचं काय झालं पुढे?" मी म्हणालो, मारतात गं, यकृत बघायला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चहा टाकायला गेली.

तो जुना भाग मी काढून टाकलेला नाही. त्याच्या वर्णनात सगळ्यात वर दुरुस्ती लिहिली आहे, आणि बाराव्या मिनिटाला, जिथे ते वाक्य येतं, तिथे माझ्याच आवाजात मी मला थांबवलंय.